क्लोव्हिस नार्सिसची चार मिनिटं

क्लोव्हिस नार्सिस अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला मरेपर्यंत कळलं नाही. दर शुक्रवारी ती सामन्याला यायची, पुढच्या बाकावर बसायची आणि घरी जाताना न चुकता विचारायची, "अरे, तुझा बॉलला हातसुद्धा लागत नाही. मग हे लोक टाळ्या कशाला वाजवतात?"

"माझ्यासाठी नाही वाजवत गं. माझ्या मागचा पोरगा बॉलवाल्याला पाडतो ना, त्याच्यासाठी."

"आणि तू काय करतोस?"

"मी समोरच्या दोघांना अडवून धरतो."

"म्हणजे हमालीच की!"

म्हातारीचं फारसं चुकत नव्हतं. बचावाच्या रांगेत अगदी मधोमध वाकून बसायचं, दोन पाय आणि एक हात जमिनीला टेकलेला. बॉल हलला की समोरचे दोन दांडगे गडी अंगावर घ्यायचे आणि जागचं हलायचं नाही. आपण दोघांना गुंतवलं म्हणजे मागचा एक मोकळा सुटतो, आणि शनिवारच्या पेपरात त्याचं नाव येतं. क्लोव्हिसने हे काम शाळेत चार वर्षं केलं, कॉलेजात चार वर्षं केलं, आणि पेपरात त्याचं नाव मी एकदाच पाहिलं, तेही त्याच्या लग्नाच्या बातमीत.

मी हे सगळं फार जवळून पाहिलंय. माझं नाव फेलिक्स. दिवसा मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला साखळी धरतो. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. समोरच्या संघाने चार प्रयत्नांत तेवढं अंतर कापलं तर बॉल त्यांच्याकडेच राहतो, नाहीतर आपल्याला मिळतो. साखळीवाल्याने कुणाच्याही बाजूने ओरडायचं नाही असा नियम आहे. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला ही केवढी शिक्षा, ते माझी बायको सांगेल, कारण घरी आल्यावर तिलाच सगळं ऐकावं लागतं.

कॉलेजनंतर क्लोव्हिसला दूरच्या एका व्यावसायिक संघाने घेतलं. सेंट ओडाइलसारख्या उसाच्या गावातून एवढ्या लांब गेलेला तो पहिलाच. तिसऱ्या मोसमात प्रत्येक टकरीनंतर त्याच्या मानेतून उजव्या बोटांपर्यंत आग धावायला लागली, मग हात बधिर व्हायचा. हे तो कुणालाही बोलला नाही. या धंद्यात कुणीच बोलत नाही. दुखणं सांगितलं की जागा गेली, आणि जागा घ्यायला मागे चाळीस जण उभेच असतात. उजवा हात ऐकेनासा झाला की तो डावा टेकवून बसायचा. संघाच्या डॉक्टरने विचारलं तर हसून म्हणायचा, "झोपेत अंगाखाली आला होता." एके दिवशी सही करायला घेतलेलं पेन त्याच्या हातातून गळून पडलं, आणि त्यानंतर उजव्या हाताची तीन बोटं कधी मिटलीच नाहीत. पंचविसाव्या वर्षी तो गावात परत आला. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट.

मला वाटलं होतं, आता हा खचणार, पोर्चवर बसून बिअर पीत जुन्या गोष्टी सांगणार. तसे आमच्याकडे डझनभर आहेत. क्लोव्हिसने कारखान्यात उसाचा ट्रक धरला आणि पुढच्याच आठवड्यात शाळेत जाऊन विचारलं, "रांगेची पोरं कोण शिकवतं?" कोणीच शिकवत नव्हतं. मग अठरा वर्षं त्यानेच शिकवलं.

त्याची शिकवणी म्हणजे अर्धी शिव्या आणि अर्धी खानावळ. पोरांना चिखलात वाकवून बसवायचा आणि लांब दांड्याचा झाडू आडवा धरून त्यांच्या डोक्यांवरून चालायचा. ज्याचं डोकं लागलं त्याची धडगत नसे.

"अरे बाबा, उभा कशाला राहतोस? बस यायचीय का तुझी?"

"कोच, पाय भरून आले."

"येऊ देत. समोरच्या दोघांचेही येतील. आधी त्यांचे येऊ देत."

गुरुवारी रात्रीचं जेवण रांगेच्या सगळ्या पोरांना त्याच्या घरी. बॉल पळवणारी देखणी पोरं नाहीत, फक्त रांगेची. त्याची बायको अर्लीन सकाळपासून गम्बोचा दाट रस्सा रटरटत ठेवायची आणि दोन मोठी पातेली भात लावायची. "ही माणसं नाहीत, टोळधाड आहे," असं म्हणत तीच वाढत राहायची.

शहाण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आमचा मुख्य कोच मोठ्या शाळेत निघून गेला. मोसम तोंडावर आलेला. शाळामंडळाने नाइलाजाने क्लोव्हिसला हंगामी नेमलं. त्या खुर्चीवर आजवर आमच्या रंगाचा, काळा माणूस बसला नव्हता. संघातली अर्धी पोरं आमची, रांग तर सगळीच आमची, पण खुर्ची नाही. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर गिड्री, मोटारींचं दुकान चालवतात. ते हसत हसत म्हणाले, "क्लोव्हिस, रांगवाल्याची नजर जमिनीवर असते. मुख्य कोचला सगळं मैदान दिसावं लागतं. बघू या. शेवटच्या सामन्यात बेल रीव्हच्या संघाला हरवून बाद फेरीत गेलास तर पद कायम तुझं."

क्लोव्हिस मला त्या दिवशी वजनकाट्यावर भेटला. ट्रक काट्यावर चढवून खिडकीतून म्हणाला, "फेलिक्स, मला ही खुर्ची पाहिजे."

"मग घे की."

"चेष्टा नाही करत. अठरा वर्षं मी कुणाकडे काही मागितलं नाही. हे मागतोय."

एवढं सरळ बोललेलं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही मनातून ती त्याच्यासाठी मागायला लागलो.

मोसम चांगला गेला. कारण जार्व्हेल प्रेजाँ. सतरा वर्षांचा, दाराएवढा रुंद, रांगेच्या मधोमध क्लोव्हिसच्याच जागी. त्याला दोघे कमी पडायचे, कधी कधी तिसरा धावून यायचा. नोव्हेंबरपर्यंत विद्यापीठाचा माणूस वही घेऊन सामन्याला यायला लागला. जार्व्हेलला शिष्यवृत्ती मिळाली असती तर प्रेजाँच्या घरातला तो पहिला पदवीधर झाला असता. म्हणजे बेल रीव्हच्या सामन्याकडे दोघे डोळे लावून बसले होते, कोचही आणि पोरगाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी गुरुवारच्या जेवणाला मीही होतो. जार्व्हेल डाव्या हाताने गम्बो खात होता.

"हाताला काय झालं रे?" क्लोव्हिसने विचारलं.

"दारात बोट चेमटलं, कोच."

"दाखव."

पोराने उजवा हात पुढे केला. एक बोट खरंच सुजलेलं होतं. क्लोव्हिसने मान हलवली आणि विषय बदलला. नंतर त्याने मला सांगितलं की ते बोट पोराने मुद्दाम दारात घातलं असणार हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. एक दुखणं लपवायला दुसरं दाखवायचं, ही आमच्या रांगवाल्यांची जुनी युक्ती. क्लोव्हिसने स्वतः ती वापरली होती.

शुक्रवार. गळीत हंगाम ऐन भरात होता, पाचट जाळल्याचा धूर मैदानावर उतरला होता आणि दिवे पिवळे दिसत होते. चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही चौदा-दहाने पुढे होतो. बॉल बेल रीव्हकडे. फक्त त्यांना थोपवायचं होतं. मी साखळीची मागची काठी धरून रांगेच्या बरोबर रेषेत उभा होतो, म्हणून मला दिसलं. जार्व्हेल वाकला आणि त्याने डावा हात टेकला.

क्लोव्हिसलाही दिसलं. त्याने तत्काळ खेळ थांबवायला लावला आणि पोराला कडेला बोलावलं. दोघे माझ्यापासून पाच पावलांवर होते. क्लोव्हिसने आपल्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली.

"उजव्या हाताने दाब."

जार्व्हेलने बोटं धरली.

"दाब ना."

"दाबतोय की, कोच!"

"मी अजून वाट बघतोय."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारच मिनिटं आहेत. तो विद्यापीठाचा माणूस बसलाय. आणि तुमचं पद... कोच, मी करतो. मला जाऊ द्या."

"कधीपासून होतंय?"

"तीन आठवडे."

वरच्या बाकांवरून गिड्रींचा आवाज आला, "प्रेजाँला आत पाठव! काय चाललंय तिकडे?" त्यांच्या मागोमाग अर्धं गाव ओरडायला लागलं. क्लोव्हिसने बाकांकडे पाहिलं, मग पाटीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. शपथेवर सांगतो, त्याला मोह झाला. पोराला पाठवावं, चार मिनिटं काय होणार आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. माझ्या तर मनात ठाण मांडून बसलं होतं.

त्याने पोराचं हेल्मेट काढून घेतलं, तारेच्या कुंपणापाशी गेला आणि ते अर्लीनच्या हातात दिलं.

"हे गाडीत टाक आणि घरी जा."

"आत्ता? सामना सोडून?"

"आत्ता. ते इथे राहिलं तर मी त्याला परत घालीन. माझा मला भरवसा नाही."

अर्लीनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या बाईने ते पद मनात किती वेळा सजवलं होतं, मला ठाऊक आहे. ती उठली, हेल्मेट काखेत मारलं आणि फाटकाबाहेर चालू लागली. गिड्री उभे राहून तिच्यावर ओरडले, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

जार्व्हेलच्या जागी वेंडेल नावाचा काटकुळा पोरगा गेला. बेल रीव्हच्या लोकांना वास लागलाच. सहा वेळा सरळ मधून आले, वेंडेलच्या अंगावरून. तो सहाही वेळा पडला आणि सहाही वेळा उठला. एकदा चौथ्या प्रयत्नावर माप काढायची वेळ आली. साखळी ताणली तर बॉल पुढच्या काठीच्या चार बोटं पुढे, म्हणजे त्यांच्याकडेच राहणार. मागची काठी माझ्या हातात होती, धूर होता, आणि पंचाची नजर पुढच्या टोकाला. ती पाच बोटं पुढे मला सरकवता आली असती, आणि बॉल आम्हाला मिळाला असता. मी काठी जिथे होती तिथेच रोवून धरली. क्लोव्हिससमोर दुसरं काही करायची लाज वाटली. पुढच्याच झटक्यात त्यांनी शेवटची रेषा ओलांडली. चौदा-सतरा. आम्ही हरलो.

डिसेंबरात शाळेच्या वाचनालयात मंडळ बसलं. तोवर डॉक्टरांचा अहवाल आला होता. मानेतली जागा अरुंद आहे, पुन्हा खेळू नये. शिष्यवृत्ती गेली. जार्व्हेल महिनाभर क्लोव्हिसशी बोलत नव्हता. रस्त्यात दिसला तर पलीकडे जायचा. त्या संध्याकाळी मात्र तो येऊन मागच्या खुर्चीत बसला.

गिड्री वाईट माणूस नव्हते, असं आता म्हणता येतं. त्यांनी क्लोव्हिससाठी दार किलकिलं ठेवलं होतं. म्हणाले, "आम्ही डॉक्टरांशी बोललो. ते म्हणतात, त्या चार मिनिटांत काही झालंच असतं असं नाही. तू घाई केलीस एवढं कबूल कर. पुन्हा तशी वेळ आली तर आधी डॉक्टरला विचारीन म्हण. सातातली चार मतं माझ्याकडे आहेत, बात संपली."

संघाचा डॉक्टर त्या सामन्याला आलाच नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे डॉक्टर नसेल तर पोराला खेळवायचं, असं म्हणायचं होतं तेही सगळ्यांना कळलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हण की रे बाबा. एक वाक्य आहे. अठरा वर्षं चिखलात घालवलीस, एक वाक्य म्हण.

"घाई नाही केली," क्लोव्हिस म्हणाला. "उशीर केला. गुरुवारीच त्याला बाहेर काढायला हवं होतं."

गिड्रींनी चष्मा काढला. "पोरगा स्वतः तयार होता. हो की नाही रे, जार्व्हेल?"

जार्व्हेल उभा राहिला. सगळ्या माना वळल्या. "हो. मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला, "आणि उद्या खेळायला मिळालं तर पुन्हा बोलेन."

क्लोव्हिस मोठ्याने हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच. "ऐकलंत? म्हणूनच कडेला कोच उभा करतात."

जार्व्हेलला हसू आलं नाही, पण तो गेलाही नाही. शेवटपर्यंत बसून राहिला.

मतं पडली. पाच विरुद्ध दोन. पद लाफायेत शहरातल्या एकतीस वर्षांच्या माणसाला गेलं. मला संताप आला होता, अजूनही येतो, आणि तिथे साखळी नव्हती म्हणून मी तो बोलूनही दाखवला. अर्लीनने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. ती रडत नव्हती, ताठ बसली होती.

"रांग तुझ्याकडेच राहील," गिड्री हळू आवाजात म्हणाले. "राहशील ना?"

"राहीन. उद्या तीनला पोरं वजनं उचलायला येतायत." क्लोव्हिसने टोपी घातली. "आणि ही जागा पुन्हा निघाली की मी पुन्हा अर्ज करीन. त्यानंतर निघाली की त्यानंतरही. तुम्ही हाच प्रश्न विचाराल. उत्तर आजच लिहून ठेवा, म्हणजे तुमचा वेळ वाचेल."

चिटणीसबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं, आणि मग खरंच लिहून घेतलं.