गोठ्याची झाली बैठक

गोजरबाईला घरातली एकही वस्तू वर्षभर एका जागी बघवत नसे. "बाई, तुझ्या घरात देवबी जीव मुठीत धरून बसत असतील," असं शेजारची पुष्पाबाई म्हणायची. देवांचं माहीत नाही, पण राजूरच्या त्या माळवदाच्या घरात रांजण, जातं आणि कणगी यांचा मात्र चांगलाच प्रवास झाला होता.

तिचंही काही चुकत नव्हतं. माणसांची आयुष्यं बदलतात, मग घरानंच काय म्हणून हटून बसावं? रझाकारांच्या धामधुमीत तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनं, रस्त्याकडची खिडकी दगडमातीनं बुजवून टाकली होती. पोलीस अ‍ॅक्शन झाली, माणसं पुन्हा रस्त्यात उभी राहून मोकळी बोलू लागली, तशी गोजरबाईनं पहार घेतली आणि खिडकी स्वतःच्या हातानं फोडली. लेकी सासरी गेल्या, त्यांच्या निजायच्या जागी कणगी आली. लेकाचं, भुजंगाचं लग्न झालं तेव्हा चूल मागच्या खोलीत गेली आणि नव्या सुनेला उजेड हवा म्हणून माळवदाला सान्याचा झरोका पाडला गेला.

एका जागेला मात्र हात लावायची तिची टाप नव्हती. दारातून आत शिरताच उजव्या हाताला बैलांचा गोठा होता, आणि तो रखमाजीचा होता.

अठ्ठावन्न साली भुजंग बायकोला घेऊन शेतातल्या वस्तीवर, आखाड्यावर, राहायला गेला. रखमाजीचे गुडघे कुरकुरायला लागले होते, रोजची ने-आण होईना, म्हणून बैलही तिकडेच गेले. तरी हा बाबा रोज सकाळी उठून रिकामी गव्हाण झाडायचा. गोजरबाईच्या मनात वेगळंच चाललं होतं. दर चतुर्थीला तिच्या माहेरच्या बाया राजूरच्या गणपतीला यायच्या आणि घरात टेकायला जागा नाही म्हणून दारातूनच खुशाली विचारून निघून जायच्या. तीस वर्षं आपण माहेर दारातच उभं ठेवलं, हे तिला फार लागायचं.

"बैल न्हाईत, मंग गोठा कुणासाठी ठिवायचा?" तिनं एकदा विचारलंच.

"कर तुला काय करायचं ते. माझं काय राह्यलंय आता या घरात," रखमाजी म्हणाला.

याला परवानगी म्हणायचं की शिवी, हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. गोजरबाईनं ती परवानगी धरली. गव्हाण फोडली, खुंटे उपटले, जमीन चोपून सारवली, चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवल्या. त्यावर गेरूनं दोन मोर काढले, त्यातला एक कोंबडीसारखा झाला. जमिनीवर चार वाकळा अंथरल्या. पुढच्या चतुर्थीला माहेरच्या सात बाया तिथं पाय पसरून बसल्या, तेव्हा चहाचे कप देता देता गोजरबाईचे डोळे भरून आले.

रखमाजीनं मात्र त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जेवण ओट्यावर, झोपही ओट्यावर. आत येताना मान डावीकडे, बाहेर जाताना उजवीकडे. गोजरबाईचा आनंद अर्धाच राहिला. नवऱ्याला बाहेर घालवून आपण माहेर आत घेतलं की काय, या विचारानं तिला घास गोड लागेना. तो आत येऊन बसला नाही, तर ती खोली तिला नकोच होती.

मग पोळा आला. भुजंग झुली घातलेले बैल घेऊन घरी आला. गोजरबाईनं दारात दोन्ही बैलांना ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. पोळी संपताच पाखऱ्या बैलानं भुजंगाच्या हातातला कासरा हिसकला, तो सरळ दारातून आत शिरला आणि उजवीकडे वळला. वाकळेवर चारी पाय रोवून, गव्हाण होती त्या भिंतीला तोंड लावून उभा राहिला. भिंतीवर त्यानं दोनदा जीभ फिरवली. चांगल्या जमलेल्या मोराची मान गेली, कोंबडी वाचली.

"बा, ह्यो ऐकून न्हाई राह्यला," भुजंग आतून म्हणाला.

रखमाजी ओट्यावरून उठला आणि खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. 'बघ, जनावरालाबी जागा कळती,' असं आता हा म्हणणार, याची गोजरबाईला खात्री होती. त्याआधी तीच बोलली.

"काल आखाड्यावर जाऊन त्याला आवतन कुणी देलं?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळायचे आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, ही रीत रखमाजीनं जन्मात चुकवली नव्हती.

"तुम्हीच बोलावलं. मंग पाव्हणा बैठकीत न्हाई तर कुठं बसंल?"

रखमाजीनं हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण ते मिशीतून फुटलंच. गुडघ्यावर हात देत तो आत आला. पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारून त्यानं टाळूला जीभ लावून आवाज काढला, तसा तो बैल शहाण्यासारखा भुजंगाच्या मागे बाहेर गेला. रखमाजी गेला नाही. त्यानं निळ्या भिंती पाहिल्या, बिनमानेचा मोर पाहिला, आणि भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसला.

"चतुर्थीला तुझ्या बाया बसू दे," तो म्हणाला. "बाकीचे दिवस मी हितं बसत जाईन. ओट्यावर लई ऊन लागून राह्यलं."

चार दिवस झाले, राजूरला सूर्य दिसला नव्हता. "बराबर हाय," म्हणून गोजरबाई त्याचं अंथरूण आणायला ओट्यावर गेली.