भवानीचं गिऱ्हाईक

नाशिक रोडच्या एका किराणा सुपरमार्केटमध्ये मी बिलिंगला बसते. आधी दारावरचा वॉचमन गेला, मग दोन मुली गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. "घ्या चालवून," मालक म्हणाले. सकाळी उरलो आम्ही दोघी. गल्ल्यावर मी आणि बाकी सगळं दुकान सांभाळायला मावशी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. माल चोरीला गेला की मालक मावशीलाच बोलायचे. बाईच्या पाठीला काय डोळे असतात?

मावशी पेठ तालुक्याकडची. नवरा गेल्यावर पोटासाठी शहरात आली आणि या दुकानातच रुळली. शटर वर गेलं की आधी उंबऱ्यावर पाणी शिंपडणार. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला उलटून बोलायचं नाही, हा तिचा कायदा. मी सुट्ट्या पैशांवरून कुरकुरले तरी लांबून डोळे वटारायची.

"मावशी, उद्या भवानीला चोर आला तर?" मी चिडवायची.

"त्याला बी या म्हणायचं," ती हसायची.

आणि एके दिवशी तसाच आला. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. तुपाच्या बरण्या त्यानं जाकिटात घातल्या, ते मी कोपऱ्यातल्या आरशात पाहिलं. मावशीनं तर समोरूनच पाहिलं. ती ओरडली असती तर शेजारचा चहावाला धावून आला असता. पण भवानीचा माणूस ना! मी तोंड उघडणार तोच तिनं मला हातानं गप्प केलं, दारात त्याच्या आडवी गेली आणि हात जोडून हळूच म्हणाली, "दादा, तेवढं बिल करून जा ना."

त्यानं तिला ढकललं. पायरीवरून ती थेट फरशीवर पडली.

मी धावले. तिचं खुब्याचं हाड मोडलंय हे नंतर कळलं. तेव्हा ती कण्हत मलाच रागवत होती, "गल्ला सोडून आलीस? जा, आत कोणी नाय!"

त्या माणसाचा मला राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या रिकाम्या दाराचा येतो. मालक दवाखान्यात मोसंबी घेऊन गेले, "बऱ्या व्हा, मग बघू" म्हणाले. पुढच्या महिन्यात मला म्हणाले, "एकटीनं जमतंय की तुला. आता कशाला माणूस वाढवायचा?" मी पुढचं बिल करायला घेतलं. मलाही घर चालवायचंय.

परवा मावशीला भेटायला गेले. वॉकर धरून तिनं मला खोलीच्या दारापर्यंत चालून दाखवलं. तेवढ्यानंच तिला दम लागला. खाटेवर टेकली आणि पदराशी चाळा करत म्हणाली,

"माझ्या जागी कोणाला घेतलं गं?"

"कुणालाच नाही, मावशी."

तिचा चेहरा एकदम खुलला. "बघ! मालकांनी माझी जागा धरून ठेवली. अन् तू उगाच त्यांना नावं ठेवती."

मी मान डोलावली आणि चहा टाकते म्हणून आत गेले.