पत्र्याच्या हातचं पाणी

साताऱ्याहून आटपाडीची एसटी धरली ती केवळ एका पत्र्याच्या माणसासाठी. तिकडच्या एका हॉटेलात यंत्र पाणी देतं, असं मित्राने शपथेवर सांगितलं होतं. विश्वास बसेना आणि घरी बसवेना.

कोरेगावचा ऊस मागे पडला आणि पुढे नुसत्या बाभळी. आटपाडीला उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्याची माती झाली होती.

हॉटेल स्टँडसमोरच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, गल्ल्यावर मालक नाना, फौजेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. शेजारी तो! पिंपाचं पोट, खाकी शर्ट, काळा चष्मा, रंगवलेली मिशी. नानांनी बटण दाबलं, की पेला धरलेला हात पुढे यायचा. मी हौसेने दोन पेले प्यालो. एका बाईने तर त्याला बघून पदर सावरला.

"आदी काचंचं डोळं लावलं हुतं," नाना म्हणाले. "पोरं रडायची. चष्मा घातला, मिशी रंगवली, तवा मानसं बसाय लागली."

"पण केलात कशाला?"

"हॉटेल काढलं तवा जुनी मानसं माज्या हातचं पानी घेत नव्हती. समोरच्या हापशावर जायची. आता पेला मीच भरतोय की, पर त्येनं फुडं केला की चालतो."

ते हसले. मला मात्र लाज वाटली.

तेवढ्यात घोंगडी सावरत एक म्हातारे धनगर आले. "हे बिरूआण्णा. रोज त्येच्याच हातनं घेत्यात," नाना पुटपुटले. आण्णांनी यंत्राला "राम राम पावनं" घातला. नानांनी बटण दाबलं आणि लाईट गेली. हात अर्ध्यावरच थांबला. नाना उठले, पण पेल्याला हात लावेनात.

आण्णांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"आवं नाना, त्येचा हात आखडला. तुमचा हाय न्हवं? द्या की."

नानांनी पेला दिला. आण्णांनी तो घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. नाना भरत होते, तोच लाईट आली आणि पत्र्याचा हात पुढे सरकला. आण्णांनी तो बाजूला लोटला.

"थांब रं गड्या. मालक हायती हितं."

नानांचे डोळे भरून आले, माझेही. निघण्यापूर्वी तिसरा पेला मी नानांकडून मागून घेतला.

साताऱ्यात मित्राने विचारलं, "कसं आहे यंत्र?"

"मधेच बंद पडतं," मी म्हटलं. "तेच बरं आहे."