धाकटीच्या नावाचा भात

माझ्या धाकट्या बहिणीचं श्राद्ध ती जिवंत असताना झालं, आणि त्या पिंडाचा भात मी शिजवला होता. तिनं ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर चर्चला जाऊ लागली, म्हणून वडिलांनी कावेरीच्या घाटावर तिचं घटश्राद्ध घातलं. पाण्यानं भरलेलं मडकं पायानं उलथायचं, पिंड द्यायचा, घरातल्या सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ करायची. त्यानंतर ते माणूस घरच्यांपुरतं मेलं. आई आधीच गेली होती. मी विधवा होऊन माहेरी परतले होते आणि चूल माझ्याकडे होती. वडील म्हणाले, मूठभर तांदूळ घाल. मी घातले. मला कुणी दटावलं नव्हतं. उलट राग होता मनात, की हिनं आपलं बघितलं, आता म्हाताऱ्याला मीच सांभाळायचं.

पुढं चाळीसहून जास्त वर्षं आम्ही भेटलो नाही. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; मी कुंभकोणमला, ती नाचियार्कोविलला. बसनं अर्धा तास. लांब पडतं असं मला म्हणता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी दारात आली. आईला पोटाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, ती तुमची आठवण काढते, असं ती तमिळमध्ये म्हणाली. वडील केव्हाच गेले होते. आडवं येणारं कुणी उरलं नव्हतं आणि माझ्याकडे सबबही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेले. पितळी दिवे ओतणाऱ्यांच्या गल्लीत दोन खोल्या. तिचा नवरा दिवे घासायच्या कामाला होता, त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. बहीण खाटेवर होती, नुसती हाडं. मला बघून म्हणाली, "अक्का, किती म्हातारी झालीस." त्या घरात तिच्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं. प्रार्थना ती तमिळमध्ये करायची, पण पोटात कळ आली की तोंडातून शिवी यायची ती आमच्या घरातली.

मग मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. भात, रसम करून न्यायची. ती दोन घास खायची आणि मला माझा जुना भात आठवायचा. मी सांगायला तोंड उघडायची आणि हवापाण्यावर बोलून परत यायची.

ती मरणाला भीत नव्हती. मला आधी ते ढोंग वाटलं. एकदा मी सरळच विचारलं. म्हणाली, दुखण्याची भीती वाटते, मेल्याची नाही. मला नवऱ्याशेजारी ठेवतील, आणि प्रभू उठवील तेव्हा आम्ही दोघं उठू. मी म्हटलं, मातीत काय राहतं उठायला?

"ती काळजी उठवणाऱ्याची," ती म्हणाली. "मी फक्त निजायचं."

जत्रेला कोणती साडी नेसू असं विचारावं, तशी ती बोलायची. कुणाकुणाला भेटायचं तेही ठरलं होतं. नवऱ्याला, आईला. आणि तिच्या पहिल्या मुलाला. मला त्या मुलाचं ठाऊकच नव्हतं. तो आठ महिन्यांचा होऊन तापानं गेला होता. कधी, ते विचारलं. आमच्या घाटावरच्या त्या दिवसानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत.

त्या दिवशी मी बसनं परत आले आणि जेवले नाही. पुढच्या खेपेला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तुझं श्राद्ध झालं ते तुला माहीत असेल. पिंडाचा भात मी केला होता.

तिनं छताकडे बघत विचारलं,

"मीठ घातलं होतंस?"

"पिंडाच्या भाताला मीठ नसतं."

"मग मला नाही पोचला. बिनमिठाचं मी कधी खाल्लंय?"

मी हसले नाही. तीही हसली नाही. मग म्हणाली, बाळ गेलं तेव्हा वाटलं होतं, घरच्यांनी काहीतरी करणी केलीय. पाच-सहा वर्षं वाटत होतं. पण त्यात तुझा हात असेल असं कधी मनात आलं नाही. आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उठून चालले तेव्हा तशीच पाठमोरी म्हणाली, "अक्का, मूठभर माती घालायला ये. भांडण असलं तरी ये."

ती नऊ दिवसांनी गेली. आमच्यातल्या बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. पाद्री तमिळमध्ये वाचत होते, ते अर्धं कळलं. पेटी खाली गेली. सगळे रडत होते, पण सकाळी भेटू म्हणून निरोप द्यावा तसे. तिची मुलगी मला मोठी मावशी म्हणून हाक मारत म्हणाली, "पेरिअम्मा, टाका." मी माती टाकली. शेजारी नवऱ्याची कबर होती, आणि तिच्यापलीकडे एक हातभर लांबीचा सिमेंटचा चौथरा. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

माझा त्या उठण्यावर विश्वास नाही. खोटं कशाला लिहू. पण ते खरं निघावं असं मला वाटतं, तिच्यासाठी. ती तशी भरवशानं गेली आणि तिला कुणी फसवलेलं असू नये. माझं म्हणाल तर मला त्याची भीतीच वाटते. ती उठली तर मला हाक मारील, तेवढी मी तिला ओळखते. पण तिच्या कडेवर तो आठ महिन्यांचा मुलगा असेल. त्याच्यासमोर मी कोण म्हणून उभी राहू?