काचेवरचे बगळे

गेल्या रविवारी सुमनमावशीवर अन्याय झाला. तिच्या ब्लॉगवरचा तळ्यातल्या बगळ्यांचा लेख एका मोठ्या दैनिकाने नावानिशी छापायच्या बोलीवर घेतला, आणि नावाच्या जागी छापलं ‘प्रतिनिधी’.

आज तिच्या घराला रंग देताना, शिंतोडे उडू नयेत म्हणून, तेच पान खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं होतं. मागून ऊन आलं आणि अक्षरं उजेडात तरंगायला लागली, बगळे पाण्यावर उतरावेत तशी. रंगारी ब्रश थांबवून वाचत राहिला.

“मस्त लिहिलंय. कोणी हो?”

“असेल कोणी प्रतिनिधी,” मावशी हसून म्हणाली.

शब्द असे कुठल्याही घरात पोचतात. लिहिणारी मात्र त्यांच्या शेजारी उभी असूनही दिसत नाही. मला हसू आलं नाही.

रंगाऱ्याचा प्रश्न तुम्ही संपादकाला विचारा. उत्तर छापून येईपर्यंत विचारत राहा.