जयपूरला मराठी बिघडते म्हणून

माझा सिकलसेल हा खरं तर रक्ताचा आजार, पण तो हाडांत राहतो, अशी चंद्रपूरला माझ्या माहेरी सगळ्यांची समजूत होती. थंडीत माझे गुडघे ठणकले की घरदार हळहळायचं. डोक्याची चौकशी कुणी केली नाही. ते चांगलं आहे असा एक गैरसमज होता.

लग्नानंतर जयपूरला आले आणि वैशाली नगरातल्या एका कॉलेजात हिंदीतून वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. इथल्या मराठी घरांत शब्द हरवणं रोजचंच. त्यामुळे वडे तळताना मला 'झारा' आठवेना आणि मी 'ते भोकाभोकाचं दे' म्हणाले, तेव्हा नवरा खूशच झाला. "झालीस बाई जयपूरची!" फोनवर बहिणीशी बोलताना 'उशी' जिभेवर येईना, तर ती हसून बेजार. "काहून वं, मराठी इसरली का पुरी?" मीही हसले.

मग एकदा वर्गात हातात रोपाचं मूळ धरून उभी राहिले. मराठी शब्द आला नाही, ते ठीक. हिंदीही आला नाही. मुलांना वाटलं, मॅडम प्रश्न विचारताहेत. सगळा वर्ग ओरडला, "जड़!" मी शाबासकी दिली आणि खुर्चीत बसले. मला भयंकर भीती वाटली. शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि शिकवणं म्हणजे सगळं बोलणंच.

एमआरआयमध्ये मेंदूत रक्त न पोचल्याचे लहान लहान डाग दिसले, काही बरेच जुने. असे झटके म्हणे गुपचूप येऊन जातात. "इतने दिन दिखाया क्यों नहीं?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा खाली मान घालून म्हणाला, "हमें लगा, हिंदी की वजह से है." डॉक्टर इथलेच. पुढचा एमआरआय याचाच काढावा की काय, अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत राहिले.

आता ठरावीक काळानं माझं रक्त बदलतात. बरेच शब्द परत आलेत, काही आले नाहीत. वर्ग अजून माझाच आहे, पण तासाला जाताना त्या दिवसाचे शब्द तळहातावर लिहून नेते. घरी मात्र हिंदीची धास्तीच बसलीय. 'चम्मच दे' म्हटलं तरी नवरा चमचा सोडून मला दवाखान्यात न्यायला गाडीची किल्ली शोधतो.

परवा बहिणीला फोन लावला आणि मुद्दाम, ठसक्यात विचारलं, "मतलब, खाना हो गया क्या गं तुझं?" आता हसेल, मग हसेल, म्हणून मी थांबले.

पलीकडून तिचा बारीक आवाज आला, "भाऊजी घरी हायेत का वं? त्याइले फोन दे."