रानात सोडलेल्या पोरी

रूलोफ आयसिंग दुधाचा टँकर चालवायचा. द्रेंथ प्रांताच्या सपाट मुलखात गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून डेअरीला पोचवायचं, हे त्याचं काम. अंगाने दांडगा, बोलायला मोजका, आणि घाबरट. हे शेवटचं फक्त त्याच्या मुलीला ठाऊक होतं. हिल्के शाळेला सायकलवरून निघाली की हा गाडी घेऊन हळूहळू मागे. त्यासाठी त्याने कामाची पाळीसुद्धा बदलून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको इर्मा "पाव घेऊन आले हं" म्हणून सायकलवर बाहेर पडली आणि गावाबाहेरच्या चौकात, धुक्यात, एका गाडीखाली गेली. तेव्हापासून कुणी "आले हं" म्हटलं की रूलोफ खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

ऑक्टोबरच्या अखेरीस हिल्केला बारा वर्षं पुरी होणार होती. मैत्रिणींना बोलवायचं, पण करायचं काय, यावर बापलेकीचं आठवडाभर गुऱ्हाळ चाललं होतं.

"बोलिंगला नेतो सगळ्यांना," रूलोफ म्हणाला.

"ते माझ्या वर्गातल्या येनेने केलं मागच्या वर्षी."

"मग पॅनकेकच्या हॉटेलात?"

"पप्पा! तिथे घसरगुंडीवर खेळणारी पोरं येतात."

"टी-शर्ट रंगवा. शेजारच्या गेर्डाकाकू शिकवतील."

हिल्केने सुस्कारा टाकला. "आम्हाला ड्रॉपिंग हवंय. सगळ्यांचं ठरलंय."

रूलोफचा कप हातातच राहिला. ड्रॉपिंग म्हणजे पोरांचे डोळे बांधायचे, गाडीत कोंबायचं, मुद्दाम आडवळणं घेत फिरवायचं आणि दिवस मावळताना रानात सोडून यायचं. पुढे त्यांनी आपलं आपण घर गाठायचं. तिथल्या पोरांना यात नवल नव्हतं. रूलोफनेही लहानपणी केलं होतं. पण तेव्हा तो कुणाचा बाप नव्हता.

"बरं. मी लांबून मागे चालत येईन."

"मग ते ड्रॉपिंग नाही, पप्पा. ते कुत्र्याला फिरवणं झालं."

शेवटी त्याला वचन द्यावं लागलं: मागे यायचं नाही, शोधायला यायचं नाही. पोरींकडे एकच फोन, तोही पाकिटात चिकटवून. अडल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही.

वाढदिवसाच्या शनिवारी चार मैत्रिणी दारात हजर झाल्या. गेर्डाकाकू सकाळपासूनच पताका लावून, वाटाण्याचं दाट सूप चुलीवर चढवून बसल्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे येणारा प्रत्येकजण हिल्केला आणि तिच्या बापालाही शुभेच्छा देत होता. मिर्थेची आई मार्लूस पोरीला सोडायला आली, तिनेही रूलोफचा हात हातात घेतला. "मुलगी बारा वर्षांची झाली, अभिनंदन! पण सांभाळून हं. आमची मिर्थे जरा धाडसी आहे. नको तिथे उड्या मारते."

झालं! रूलोफच्या डोक्यात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

डोळे बांधायला इर्माचे जुने रुमाल काढले होते. निळ्या ठिपक्यांचा मिर्थेला मिळाला. गाडीत खिदळणं नुसतं ऊतू जात होतं. रूलोफने पाइनच्या रानापलीकडे त्यांना उतरवलं, हातात नकाशा आणि बॅटऱ्या दिल्या. आरशात पाच उजेड नाचताना दिसले, मग वळणाआड गेले.

घरी आल्या आल्या गेर्डाकाकूंनी हात पुढे केला. "फोन दे इकडे. नाहीतर मिनिटामिनिटाला लावशील." त्यांनी तो आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

पोरी साडेसातपर्यंत यायला हव्या होत्या. साडेसात झाले. रूलोफ खिडकीशी उभा राहिला. काकूंनी सूप ढवळलं. थोड्या वेळाने पुन्हा ढवळलं.

"गप्पा मारत येत असतील," काकू म्हणाल्या.

"आठ वाजून गेले, काकू."

"पोरी आहेत. घोडे नाहीत."

बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. पलीकडच्या शेताचा दिवा आधी पुसट झाला, मग दिसेनासा झाला. ते पाहिलं आणि रूलोफने जाकीट ओढलं.

"अरे, वचन दिलंयस ना पोरीला!"

"वचन गेलं खड्ड्यात," म्हणत तो गाडीत बसलासुद्धा. फोन काकूंच्या खिशातच राहिला.

रानाच्या कडेला गाडी उभी करून तो पायवाटेने धावला. हाका मारल्या. धुक्याने त्या गिळून टाकल्या. पोरी कोणत्या वाटेने निघाल्या असतील, याचा अंदाज बांधत तो शेतांमधल्या मोठ्या चरापाशी आला. बॅटरीच्या उजेडात काठावरचं गवत दबलेलं दिसलं. चिखल घसरलेला. आणि गवतात निळ्या ठिपक्यांचा रुमाल.

रूलोफ ओरडला, "हिल्के! मिर्थे!"

उत्तर नाही. खाली काळं पाणी. त्याने मागचापुढचा विचार केला नाही, तसाच आत उतरला. पाणी कमरेपर्यंत आलं. थंडीने श्वास अडकला. बॅटरी दातांत धरून तो दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपत पुढे सरकत राहिला. गाळ लागला, मुळ्या लागल्या. एकदा काहीतरी मऊ हाताला लागलं. वर ओढलं तर खताची रिकामी पिशवी. पलीकडच्या काठापर्यंत त्याने सगळं धुंडाळलं. मग रांगत वर आला आणि जिथे धुक्यात पिवळट उजेड दिसत होता, तिकडे धावत सुटला.

तो ज्या दारावर धडकला ते शेतकरी कूपचं. रूलोफ त्याच्या गोठ्यावरून रोज दूध न्यायचा. कूपने दार उघडलं आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"रूलोफ? पोहत आलास की काय?"

"पोरी... पाच पोरी..."

"त्या होय! अरे, एकीचा पाय मुरगळला चरावरून उडी मारताना. मी म्हटलं, गाडीने सोडतो, तर तुझी लेक म्हणते कशी, 'नको काका, मग ते ड्रॉपिंग राहणार नाही.' माझी हातगाडी घेऊन गेल्या. तिला आत बसवून. कधीच्या पोचल्या असतील."

रूलोफ तिथेच उंबऱ्यावर बसला. कूपने ब्लँकेट आणलं आणि त्याला गाडीपर्यंत नेऊन सोडलं.

घराच्या वळणावर त्याने करकचून ब्रेक दाबला. धुक्यात रस्त्याकडेला हिल्के उभी होती. एकटी, जाकिटाशिवाय. तो उतरला मात्र, ती त्याच्यावर तुटून पडली, दोन्ही मुठींनी छातीवर मारत.

"फोन का नाही नेलास? आम्ही पाकीट फोडून फोन केला, तर काकूंनी उचलला! तू नुकताच गेला होतास. केव्हाची वाट बघतेय मी. मला वाटलं, तू पण..."

तो ओला, चिखलाने माखलेला; तरी तिने त्याला घट्ट धरून ठेवलं.

"चुकलो, बाळा," तो म्हणाला. "रुमाल दिसला आणि डोकंच चालेना."

घरात मिर्थे पाय खुर्चीवर टाकून सूप ओरपत होती. रूलोफला पाहून चौघी हसून लोळल्या. काकूंनी त्याला मोरीत पिटाळलं. मार्लूस न्यायला आली तेव्हा त्याने जे घडलं ते तिला सरळ सांगितलं. तिने मुलीचा सुजलेला घोटा पाहिला, मग त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला. "माझी कार्टी सुधारायची नाही," एवढंच म्हणाली आणि सुपासाठी थांबली.

रविवारी बापलेक कूपची हातगाडी परत द्यायला पायीच निघाले. चाक करकरत होतं.

"पप्पा," हिल्के म्हणाली, "काल तुझी वाट बघताना मला कळलं, तुला रोज काय होतं ते."

रूलोफ गाडी ढकलत राहिला.

"पण तरी उद्यापासून मला शाळेला एकटीला जायचंय. तू मागे नको येऊस."

कूपचं फाटक आलं. त्याने गाडी टेकवली.

"पोचल्यावर फोन करशील?"

"करीन."

"मग जा," तो म्हणाला.